मिश्रण पातळ करा

आमच्या घरात वाक्य मध्येच थांबवायची पद्धत आहे. येरवड्यात आमचं घर विमानांच्या चढायच्या-उतरायच्या वाटेखाली येतं. विमान डोक्यावर आलं की बोलणारा थांबतो, ऐकणारा थांबतो, विमान जातं आणि वाक्य जिथं तुटलं त्याच शब्दापासून पुढं सुरू होतं. "मावशीच्या पोरीचं लग्न..." विमान. "...मोडलं." लहानपणी मला वाटायचं, सगळं जग असंच बोलतं. कॉलेजात गेल्यावर कळलं की बाकीचे लोक न थांबता बोलतात आणि ऐकायचं काम कुणाकडेच नसतं.

कॉलेजात आणखी एक गोष्ट कळली. "कुठं राहतेस?" "येरवडा." "आत की बाहेर?" हा विनोद मी चार वर्षं ऐकला, आणि करणाऱ्या प्रत्येकाला तो आत्ताच सुचलेला असे. पुण्याच्या लेखी येरवड्यात दोनच जागा आहेत, एक तुरुंग आणि दुसरं वेड्यांचं इस्पितळ. मधल्या जागेत माणसं राहतात, विहारात जातात, पाण्यासाठी बादल्या लावतात आणि एखादी इंजिनिअरही होते, ही माहिती शहरापर्यंत पोचलेली नाही. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. हे मी स्वतःहून सांगते, कारण नाही सांगितलं तर लोक दुसरंच काहीतरी धरून चालतात.

नोकरी हिंजवडीला. कंपनीच्या बसमधून घरून तिथं पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात डोक्यावरून गेलेलं विमान दिल्लीला उतरतं. अशा माणसाला संगणकावर विमान उडवायचा नाद लागला तर त्यात त्याचा दोष नाही. सिम्युलेटर म्हणजे पडद्यावरचं विमान, पण खऱ्या विमानाच्या हिशेबानं वागणारं. वारा लागतो, इंजिन तापतं, चुकलात तर पडतं. याला खेळ म्हणायचं नाही. म्हटलंत तर सदाशिव पेठेतले काका तुमच्याशी महिनाभर बोलणार नाहीत.

हे काका बँकेतून निवृत्त झालेले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार ते साडेसहा आम्ही सातआठ जण जमायचो. साडेसहा म्हणजे साडेसहा. सहा एकतीसला काकू पंखा बंद करत. मागच्या खोलीत सगळ्यांनी मिळून एक कॉकपिट उभारायला घेतलं होतं, जुन्या एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं. मोटारीच्या भंगारातली सीट, तीन पडदे, प्लायवूडची चौकट. सीटच्या पाठीवर काकांच्या अक्षरात चिठ्ठी होती, "खुर्ची फिरते. आपण फिरवू नये."

माझी पत तिथं एका जोडणीमुळे, म्हणजे सिम्युलेटरच्या नकाशाला वरून जोडायच्या तुकड्यामुळे, निर्माण झाली होती. पडद्यावर पुणं दिसावं म्हणून कुणीतरी फुकट वाटलेला नकाशा आम्ही आधी वापरत होतो. त्यात पर्वती होती, नदीवरचे पूल होते, पेठेतली गच्ची न् गच्ची होती. येरवड्याच्या जागी गवत होतं. छान, हिरवंगार, कापलेलं गवत. मी तीन महिने बसून तिथं घरं घातली, विहार घातला, आमच्या गच्चीवरची निळी टाकी घातली. मंडळींनी ती जोडणी बसवून घेतली, कारण तिच्यामुळे धावपट्टी सापडायला सोपी झाली. उतरताना निळी टाकी दिसली की चाकं खाली करायची, एवढा येरवड्याचा उपयोग त्यांना मान्य होता.

आता कॉकपिटात एकच वस्तू बसवायची राहिली होती, दांड्यांचा डबा. इंजिनाचा जोर, पेट्रोलचं मिश्रण आणि विमानाचं नाक वरखाली करायचं चाक, हे सगळं त्यात असतं. एक डबा आणणार होते हिंजवडीचेच एक मॅनेजर. ते काही बनवत नाहीत, मागवतात. त्यांचा डबा परदेशातून आला होता आणि त्याच्या खोक्याचा फोटोसुद्धा त्यांनी ग्रुपवर दोनदा टाकला होता. दुसरा डबा माझा. पहिल्या रविवारी दोन्ही चालवून बघायचे आणि एक ठेवायचा, असं काकांनी ठरवलं.

माझा डबा म्हणजे खरं तर आमच्या दोघांचा, माझा आणि बाबांचा. बाबा पालिकेत पाणी सोडायचे. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची आणि मोजून आटे फिरवायचे, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर हात रिकामे पडले. मग ते घरातले नळ घट्ट करत बसायचे. इतके घट्ट की तोंड धुवायला आईला त्यांनाच हाक मारावी लागे.

माझ्या दांड्यांना एकच रोग होता, ते ठेवलेल्या जागी राहत नसत. मी रबर लावून पाहिलं, स्प्रिंग लावून पाहिली, इंटरनेटवरच्या तज्ज्ञांचे व्हिडिओ पाहिले. बाबा दोन आठवडे खाटेवर बसून नुसते बघत होते.

"इंजिनिअर, किती पगार हाय तुला?" एक दिवस त्यांनी विचारलं.

"का?"

"न्हाई, इचारलं. दांडा धरून ठिवायला येत न्हाई म्हणून इचारलं."

मग ते उठले आणि त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून काळी, तेलकट दोरी काढून घेऊन आले. पाण्याच्या व्हॉल्व्हमधून दांड्यापाशी गळती होऊ नये म्हणून ही ग्रॅफाइटची दोरी त्याच्याभोवती गुंडाळतात आणि वरून नट आवळतात. दांडा फिरतो, पण मऊ फिरतो, आणि सोडाल तिथं थांबतो. बाबांनी प्रत्येक दांड्याच्या बुडाशी ती दोरी भरली, नट पाव आटा आवळला आणि म्हणाले, "आता लाव तुझं विमान." दांडे लोण्यात फिरावेत तसे फिरले. मी पाच वर्षांच्या पदोन्नत्या मनातल्या मनात परत केल्या.

नाक वरखाली करायचं चाक म्हणून आम्ही त्यांच्याच पेटीतलं एका पितळी व्हॉल्व्हचं चाक बसवलं. दांड्यांना मुठी जुन्या कुकरच्या. सर्किट तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमधल्या सुट्या भागांचं, प्रोग्राम माझा. शिवाय मी एक बोलणारी यादी बनवली. विमान उतरायच्या आधी काय काय करायचं ते ती क्रमानं सांगते. आवाज आईचा. पट्ट्या कसून घ्या, चाकं खाली करा, मिश्रण घट्ट करा.

हे मिश्रण समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. छोट्या विमानाच्या इंजिनात पेट्रोल आणि हवा किती मिसळायची ते वैमानिक एका दांड्यानं ठरवतो. दांडा पुढं ढकलला की पेट्रोल जास्त, मागं ओढला की कमी, अगदी मागं ओढला की इंजिन बंद. पेट्रोल जास्त असलं तर इंग्रजीत ते मिश्रण श्रीमंत, कमी असलं तर हडकुळं. श्रीमंत आणि हडकुळे असा भेद मला निदान माझ्या डब्यावर तरी नको होता. म्हणून मी शब्द घेतले घट्ट आणि पातळ. जास्त पेट्रोल म्हणजे घट्ट. स्वयंपाकघरात वाढलेल्या कुणालाही कळेल असं मला वाटलं. आईला तर इतकं कळलं की ध्वनिमुद्रण करताना तिनं पुढं स्वतःचं जोडलं, "मिश्रण घट्ट करा. गुठळी होऊ देऊ नका." ते मी तसंच ठेवलं.

डब्यावरची अक्षरं बाबांनी रंगवली. रस्त्यातल्या झाकणांवर पांढऱ्या रंगानं आकडे टाकायची सवय, त्यामुळे अक्षर छाप्यासारखं. मी ऑफिसातून फोनवर सांगितलं, "मिश्रणाच्या दांड्याला एका टोकाला घट्ट लिहा, एका टोकाला पातळ."

"कंच्या टोकाला काय?"

"पुढच्या टोकाला पेट्रोल जास्त, मागच्या टोकाला कमी."

"कळलं," ते म्हणाले. मला वाटलं, कळलं. घरी येऊन मी डबा चालवून पाहिला, झकास चालला. अक्षरं मी वाचली नाहीत. आपल्या दारावरची पाटी कोण वाचतं?

रविवारी डबा घेऊन निघालो तेव्हा बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. मी त्यांना चला म्हटलं नव्हतं. विहारात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आपलं पितळी चाक सदाशिव पेठेत बसणार. रिक्षात डबा त्यांच्या मांडीवर. पुलावर आलो तेव्हा माझ्या मनात आलं, डबा नाकारला तर हाच परत याच मांडीवरून येणार. तेवढं सोडून दुसरी कसलीही भीती मला नव्हती. नापास व्हायला मी घाबरत नाही, पण त्यांच्या मांडीवर नको.

दारात काकांनी बाबांकडे पाहिलं. "आपण?"

"हिचा बाप."

"या. चपला डावीकडे. उजवीकडची जागा आमची आहे."

मॅनेजर आधीच येऊन डबा जोडत होते. काळा, चकचकीत, प्रत्येक बटणाखाली दिवा. माझ्या डब्यावरच्या कुकरच्या मुठी बघून ते म्हणाले, "वॉव, सो क्यूट. शिट्टी पण होते का?"

"होते," मी म्हटलं. "चूक केलीत की."

त्यांच्या डब्याचं सॉफ्टवेअर तेवढ्यात अपडेट मागू लागलं, म्हणून पहिली पाळी माझी आली. चालवणार काकाच. इंजिन मी सुरू करून दिलं आणि दांडे जागेवर लावून दिले. काकांनी विमान उचललं, शहरावरून एक फेरी मारली, पर्वतीला उजवीकडे ठेवून वळवलं. पितळी चाक त्यांनी दोन बोटांनी फिरवलं आणि काही बोलले नाहीत. काका काही बोलले नाहीत म्हणजे आवडलं, हे तिथं सगळ्यांना माहीत असतं. बाबा दाराजवळच्या स्टुलावर गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, वर्गात मुलीचा निकाल लागायचा असल्यासारखे.

विमान उतरायला लागलं. समोर निळी टाकी दिसू लागली. आईचा आवाज आला, "पट्ट्या कसून घ्या. चाकं खाली करा. मिश्रण घट्ट करा. गुठळी होऊ देऊ नका."

काका शिस्तीचे. त्यांनी वाकून डब्यावर पाहिलं. मिश्रणाचा दांडा पुढच्या टोकाला होता आणि तिथं स्वच्छ छापील अक्षरात लिहिलं होतं, "पातळ". मागच्या टोकाला "घट्ट". काकांनी सांगितल्याप्रमाणे दांडा घट्टकडे नेला, म्हणजे पार मागं ओढला.

इंजिन बंद पडलं. पंख्याची पाती पडद्यावर तीन वेळा फिरली आणि उभी राहिली. काकांनी हाताशी होतं ते सगळं केलं आणि विमान येऊन आमच्या टाकीशेजारी, विहाराच्या मागं, नाकावर आपटलं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "पोचले! काका एकदाचे येरवड्याला पोचले!"

सगळे हसले. मॅनेजर तर डोळे पुसत होते. हा विनोदही त्यांना आत्ताच सुचला होता. बाबांना तो कळला नाही. ते पडद्याजवळ जाऊन बोट दाखवत मला म्हणाले, "ही आपली टाकी हाय का गं?"

काका हसले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अक्षरं वाचली. "घट्ट म्हणाले, घट्ट केलं, बंद पडलं. हे अक्षर कोणाचं?"

सदाशिव पेठेवरून विमानं जात नाहीत. गेलं असतं तर थांबायला मला निमित्त मिळालं असतं. 'माझं' असं म्हणायला मी तोंड उघडलं.

"माझं," बाबा म्हणाले. "का? चुकलं?"

"पुढच्या टोकाला पेट्रोल जास्त असतं."

"व्हय. म्हणूनच तिथं पातळ लिवलंय."

"अहो, जास्त पेट्रोल म्हणजे घट्ट!"

"आसं कसं?" बाबांना खरंच कळेना. "पेट्रोल म्हंजी पाण्यासारखंच की. जास्ती वतलं की पातळच व्हणार. कमी वतलं की घट्ट. तुमच्याकडं पिठलं कसं करत्यात?"

पुढची चाळीस मिनिटं सात शिकलेली माणसं यावर भांडली. एकानं शब्दकोश काढला. एक म्हणाले, हवा हा पदार्थ धरायचा की नाही ते आधी ठरवा. काकूंना स्वयंपाकघरातून बोलावून पिठल्याबद्दल साक्ष घेतली गेली. त्या म्हणाल्या, "हे पाहुणे बरोबर बोलतायत," आणि परत गेल्या. मॅनेजर अधूनमधून सांगत होते, "सर, माझं टोटली प्लग अँड प्ले आहे. फक्त अपडेट होऊ द्या." त्यांच्या पडद्यावर तेव्हा एकतीस टक्के झालं होतं.

"शब्दशः पाहिलं तर यांचं चुकत नाही," शेवटी काका म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून याआधी कुणी ऐकलं नव्हतं. मग बाबांकडे वळून, "आपण काय करत होता?"

"पाणी सोडत होतो. हितंच. तुमच्या गल्लीची चावी त्या दवाखान्यासमोर हाय. उलटी हाय ती. समद्या चाव्या डावीकडं सुटत्यात, तुमची उजवीकडं."

काका थोडे पुढं झुकले. "म्हणजे सकाळी पावणेसहाला पाणी यायचं, ते तुम्ही?"

"मीच."

"एकदा उशीर झाला होता."

"एकदाच," बाबा म्हणाले.

तीस वर्षं ही गल्ली त्यांच्या हातचं पाणी पीत आली होती. गल्लीला ते माहीत नव्हतं, एवढंच.

बाबा मग डब्यापाशी गेले. "आक्षराचं सोडा. ह्यो दांडा धरा. मधी आणा. आता हात सोडा. हाललं का?"

काकांनी हात सोडला. दांडा होता तिथं थांबला. काकांनी टेबलावर मूठ आपटली, तरी हलला नाही. मग त्यांनी परदेशी डब्याचा दांडा मध्ये आणला आणि टेबलावर तशीच मूठ आपटली. तो बोटभर खाली आला.

"तो कॅलिब्रेट व्हायचाय अजून," मॅनेजर म्हणाले. "बासष्ट टक्के झालंय."

घड्याळात साडेसहा झाले. आतून काकूंची चाहूल लागली.

"वेळ संपली," काका म्हणाले. "आता निर्णय. यांचं विमान पडलं. तुमचं उडालंच नाही. पडायला आधी उडावं लागतं." मग माझ्याकडे न बघता, "ठेवा हा. मात्र त्या अक्षरांचं काय ते करून टाका."

पंखा बंद झाला.

परतीच्या रिक्षात बाबांच्या मांडीवर काही नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. पुलापर्यंत त्यांनी समोरचा लोखंडी बार धरला, मग मला म्हणाले, "रंग हाय घरी. फुडच्या येळंला येऊन बदलून दितो आक्षर. काय घट्ट म्हणायचं ते म्हणा."

"काही बदलायचं नाही," मी म्हटलं.

हिंजवडीत दहा वर्षं काढून मी एकच गोष्ट नीट शिकले आहे, लोखंडात चूक सापडली की ती सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करायची. ग्राहकाला सांगायचं, हे मुद्दामच असं केलंय. त्याच आठवड्यात मी आईला पुन्हा माईकसमोर बसवलं.

"आधी घट्ट म्हणायला लावलं, आता पातळ म्हण म्हणता," ती म्हणाली. "एकदा बापलेकी ठरवा, पिठलं करताय का विमान..." वरून एक गेलं. आम्ही तिघं थांबलो. "...उडवताय."

तेव्हापासून सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर, धावपट्टी समोर आली की माझी आई हुकूम सोडते, "मिश्रण पातळ करा." आणि बँकेतून निवृत्त झालेले, परदेशात शिकून आलेले, पुस्तकं पाठ असलेले सगळे निमूटपणे दांडा पातळकडे नेतात. पुस्तक वाचून आलेला नवा माणूस हटकून उलटं करतो आणि आमच्या टाकीशेजारी येऊन पडतो. येरवड्याला जायचा मान आता सगळ्यांना मिळतो.

काकांनी मात्र डब्याखाली आपली चिठ्ठी चिकटवलीच. "येथे पातळ म्हणजे घट्ट. वाद घालू नये."

बाबांना मी ती वाचून दाखवली. आता ते दर महिन्याला येतात. स्टूल त्यांचं ठरलेलं आहे, आणि चपला ते उजवीकडे काढतात. चिठ्ठीवर त्यांनी बराच वेळ विचार केला.

"पातळ म्हंजी पातळच," ते काकांना म्हणाले. "वाद कोण घालतंय?"